बाळाला घेऊन संग्रहालयं आणि जुन्या वास्तू पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात तान्हं बाळ आलं की प्रवासाच्या यादीतून सगळ्यात आधी फुली बसते ती संग्रहालयं, राजवाडे आणि जुन्या प्रार्थनास्थळांवर. तिथली शांतता, पायऱ्या, पहारेकरी, आणि आपल्या हातात कधीही भोकाड पसरू शकणारं बाळ! पण सावली, बसायला बाकं, स्वच्छतागृह आणि लिफ्ट या चार गोष्टी समुद्रकिनाऱ्यापेक्षा संग्रहालयातच हमखास मिळतात. तान्ह्या बाळाला आणखी काय लागतं? खालचे प्रश्न जन्मापासून साधारण दीड वर्षापर्यंतच्या बाळांच्या पालकांना पडणारे आहेत. पळायला लागलेल्या मुलांची गोष्ट वेगळी, तिला इथे हात घातलेला नाही.

बाळाला यातलं काहीच कळत नाही, आठवणारही नाही. मग न्यायचं कशाला?

कारण तुम्हाला बघायचं आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. आईबाबा झालं म्हणजे चित्रं पाहायची, जुन्या दगडांसमोर उभं राहायची हौस संपते असं थोडंच आहे! बाळाच्या नावाखाली ती वर्षानुवर्षं पुढे ढकलू नका, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शिवाय बाळाला ‘काहीच’ दिसत नाही हेही खरं नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे कुशीत घेतल्यावर आपला चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की अगदी कोवळी बाळंही सपाट रंगापेक्षा ठळक नक्षीकडे आणि चेहऱ्यासारख्या आकृतीकडे जास्त वेळ बघत राहतात. तीन-चार महिन्यांत बाळ हलत्या वस्तूमागे नजर फिरवू लागतं. उंच छताच्या दालनात, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे टक लावून बघणारं चार महिन्यांचं बाळ पाहिलंत तर हा प्रश्न पुन्हा पडणार नाही.

कोणत्या वयात नेणं सगळ्यात सोपं?

माझं स्पष्ट मत: मान धरल्यापासून रांगायला लागेपर्यंत. म्हणजे साधारण तिसऱ्या महिन्यापासून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत. या काळात बाळ उभं धरता येतं, इकडेतिकडे बघण्यात रमतं आणि दिवसातून दोन-तीनदा झोपतं. वरचं खाणं सुरू झालेलं नसलं तर सामानही कमी.

पहिले दीड-दोन महिने बंद जागेतली गर्दी टाळलेली बरी. बाळाचं लसीकरण नुकतंच सुरू झालेलं असतं, आणि बाळंतिणीच्या शरीरालाही तासन्‌तास उभं राहणं झेपत नाही. या दुसऱ्या कारणाचा विचार कुणी फारसा करत नाही, तो करा. बाळ रांगायला लागलं की त्याला जमीन हवी असते, आणि संग्रहालयाच्या जमिनीवर हजारो लोकांचे बूट फिरलेले असतात. तेव्हाही जाता येतं, पण वेळ निम्मा धरायचा.

एका दिवसात किती बघून होईल?

एक ठिकाण. त्यातला एक भाग. एक ते दीड तास.

हे वाचून हिरमुसू नका. पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. हात मोकळे असलेल्या माणसालाही त्या एका दिवसात बघून होत नाहीत. तोही निवडच करतो, फक्त ती दमल्यावर करतो. तुम्हाला ती आदल्या रात्री करायची आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नकाशा असतो. त्यावरून चार-पाच गोष्टी ठरवा, त्या कुठल्या मजल्यावर आहेत ते बघा, आणि सगळ्यात जीव अडकलेली गोष्ट पहिली ठेवा. ‘जाता जाता शेवटी बघू’ म्हणून ठेवलेली गोष्ट बाळाबरोबर बहुतेक वेळा राहूनच जाते.

दोघं मोठे बरोबर असाल तर आळीपाळीने बघा. एकाने बाळाला घेऊन अंगणात किंवा उपाहारगृहात बसायचं, दुसऱ्याने अर्धा तास एकट्याने निवांत फिरायचं, मग अदलाबदल. बाहेर पडण्याआधी मात्र त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात का ते दाराशी विचारा. बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

कोणती वेळ गाठावी?

दार उघडायची. रांग कमी, हवा ताजी, स्वच्छतागृह स्वच्छ, आणि बाळाची सकाळची झोप नुकतीच झालेली. बरीच बाळं संध्याकाळी कारण नसताना किरकिरतात, म्हणून रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या संग्रहालयाचा मोह या काळापुरता सोडा.

दुसरी युक्ती नेमकी उलटी: बाळाच्या झोपेच्या वेळेलाच आत शिरायचं. बाळ पेंगुळलं की दारातून आत जा, गाडी हळू ढकलत राहा. चाळीस मिनिटांची झोप म्हणजे चाळीस मिनिटं अखंड चित्रं.

सुट्टीचा वार आधी तपासा. बाळासकट अर्धं शहर ओलांडून बंद दारासमोर उभं राहणं फार जिवावर येतं. लूव्र मंगळवारी बंद असतं, त्याच शहरातलं ओर्से सोमवारी, ताजमहाल शुक्रवारी. आणि फुकट प्रवेशाचे दिवस टाळा. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट लागत नाही, आणि त्या दिवशी गर्दीही तशीच उसळते. वाचलेले पैसे बाळाच्या रडण्यात वसूल होतात.

बाबागाडी न्यावी की कॅरिअर?

एकच न्यायचं असेल तर पुढे बांधायचा मऊ कापडी कॅरिअर. दोन्ही जमत असेल तर दोन्ही, कारण प्रत्येक जागेचा नियम वेगळा आणि तो बरेचदा दाराशी गेल्यावरच कळतो.

मोठ्या, नव्या संग्रहालयांत बाबागाडी सहसा चालते. लूव्र तर गाडी उसनी देतं, तीही मोफत. अडचण येते ती जुन्या वास्तूंत. दुसऱ्या महायुद्धात ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी जिथे लपून राहिली त्या ॲमस्टरडॅममधल्या घराचे जिने इतके अरुंद आणि उभे आहेत की गाडी खालीच ठेवावी लागते. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहम्ब्रा या जुन्या किल्ल्यात नस्रिद सुलतानांच्या राजवाड्यांमध्ये गाडी नेता येत नाही, आणि बहुतेक लोक तर तेवढ्यासाठीच तिथे आलेले असतात. पेरूतल्या माचू पिचू या डोंगरावरच्या प्राचीन नगरीत गाडीला सरळ बंदी आहे, आणि बंदी नसती तरी त्या दगडी पायऱ्यांवर ती ढकलणार कोण?

पाठीवर घ्यायचा, धातूच्या सांगाड्याचा कॅरिअर डोंगर चढायला उत्तम, पण संग्रहालयांना तो नको असतो. मागे काय आहे हे घालणाऱ्याला दिसत नाही. तो वळला की सांगाडा चित्राला किंवा काचेला घासू शकतो. जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात बाबागाडी आणि पाठीवरचा कॅरिअर दोन्ही आत चालत नाहीत. म्हणून सांगाड्याचा कॅरिअर घेऊन संग्रहालयाच्या दाराशी जाऊच नका.

पुढे बांधलेल्या कॅरिअरमध्ये बाळ नीट बसलंय ना, हे दर थोड्या वेळाने बघत राहा. चेहरा तुम्हाला दिसला पाहिजे, नाकतोंड कापडात दबलेलं नको. मान खाली घालून तुम्हाला त्याच्या डोक्याची पापी घेता येईल इतकं ते वर असावं. हनुवटी छातीवर टेकलेली नको, मध्ये एक-दोन बोटं जातील एवढी फट हवी, नाहीतर श्वास अडतो. पाठीला कापडाचा घट्ट आधार हवा. चित्रासमोर तंद्री लागते तेव्हाच हे बघायचं राहून जातं, म्हणून प्रत्येक नव्या दालनात शिरताना एकदा खाली नजर टाकायची सवयच लावून घ्या.

बाळाचं तिकीट काढावं लागतं का?

पैसे बहुतेक कुठेच पडत नाहीत. ताजमहालात १५ वर्षांखालच्या मुलांना आणि कंबोडियातल्या अंकोरच्या मंदिरांमध्ये १२ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पण ठरलेल्या वेळेचे स्लॉट असतात तिथे बाळाचंही शून्य रकमेचं तिकीट काढावं लागू शकतं, कारण आत किती माणसं आहेत ते मोजलं जातं. ऑनलाइन तिकीट काढताना बाळाची नोंद करायला विसरू नका, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा.

अंगावर पाजायची वेळ झाली तर?

पाजा. बाक शोधा, बसा आणि पाजा. ब्रिटनमध्ये समानतेच्या २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी बाळाला पाजणाऱ्या आईला अडवण्यास मनाई केली आहे, आणि अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत त्याला कायद्याने मुभा आहे. ताजमहालाच्या आवारात २०१९ मध्ये खास स्तनपान कक्ष सुरू झाला. अनेक संग्रहालयांत तशी खोली असते. माहिती खिडकीवर विचारलं की दाखवतात.

तरीही संकोच वाटत असेल तर भिंतींकडे बघा. बाळाला पाजणारी आई हा जगातल्या कलेचा फार जुना विषय आहे. प्राचीन इजिप्तच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या संग्रहात आपल्या मुलाला, होरसला मांडीवर घेऊन पाजणाऱ्या इसिस देवीच्या छोट्या मूर्ती असतात. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात लिओनार्दोचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे: मेरी बाळ येशूला पाजते आहे, आणि पिता पिता बाळ मान वळवून थेट आपल्याकडे बघतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात चोळ काळातली यशोदा आहे, तान्ह्या कृष्णाला कुशीत घेऊन पाजणारी. यांच्या शेजारी बाकावर बसलेल्या खऱ्याखुऱ्या आईला कुणी उठवू नये. कुणी हटकलंच तर शांतपणे वरिष्ठांना बोलवायला सांगा.

पावडरचं दूध असेल तर कसं करायचं?

इथे मात्र काटेकोर राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवायची असते, कारण पावडर निर्जंतुक नसते. म्हणून उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये न्या, मोजलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी ठेवा, आणि ऐनवेळी कालवून, कोमट करून पाजा. उरलेलं दूध ‘थोड्या वेळाने पाजू’ म्हणून जपू नका. दोन तासांच्या आत संपलं नाही तर ओतून द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला उकाड्यातही वेगळं पाणी पाजायचं नसतं, दूधच जास्त वेळा द्यायचं.

सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ अडवतात तिथे बाळाच्या दुधाला सहसा सूट असते. बाटली बॅगेच्या तळाशी नको, वर ठेवा आणि आपणहून दाखवा. दालनात मात्र बाटली उघडू नका. सांडलेल्या दुधाचा धोका चित्रांना आणि गालिच्यांना खरोखरच असतो. उपाहारगृह किंवा अंगण गाठा.

तीन हजार वर्षांपूर्वीही आया हीच खटपट करत होत्या, हे मला फार हृद्य वाटतं. जर्मनीच्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या थडग्यांत तोटी असलेली मातीची इवली भांडी सापडली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या आतल्या थरात जनावराच्या दुधाचे अंश मिळाले. त्या बाळांच्या दुधाच्या बाटल्याच होत्या!

डायपर कुठे बदलायचा?

मोठ्या संग्रहालयात आत शिरताच बदलायची जागा नकाशावर शोधून ठेवा. उघड्यावरच्या अवशेषांत ती बहुधा फक्त प्रवेशद्वाराशी असते, तेव्हा आत जाण्यापूर्वीच बदला. बाळाच्या बाबांनी एक गोष्ट आधी विचारावी: बदलायचा ओटा फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात आहे का? अजून पुष्कळ ठिकाणी तसंच असतं. अशा वेळी अपंगांसाठीची मोठी खोली वापरता येईल का, हे विचारायला अजिबात लाजू नका. वापरलेला डायपर पिशवीत बंद करून बाहेर न्या.

बाळ रडायला लागलं तर?

थांबून समजूत काढत बसू नका, आधी चालायला लागा. दगडी, उंच छताच्या दालनात आवाज घुमतो. तो घुमणारा आवाज ऐकून बाळ आणखी घाबरतं आणि आणखी रडतं. सगळ्यात जवळचं दार, जिन्याची मोकळी जागा किंवा अंगण गाठा. बहुतेक वेळा जागा बदलली की रडं थांबतं. नाहीच थांबलं तर भूक, ओला डायपर, उकडणं, झोप, याच क्रमाने बघा. संग्रहालयात उकडणं हे कारण बरेचदा असतं: बाहेरच्या थंडीसाठी घातलेली टोपी आणि स्वेटर आत उबेत आल्यावर काढायचं राहून गेलेलं असतं.

लोकांच्या नजरांचं दडपण घेऊ नका. दिवसभर एकाच खोलीत उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांना बाळ दिसलं की आनंद होतो, आणि जवळचं दार किंवा लिफ्ट तेच आपणहून दाखवतात. मात्र पाच-सात मिनिटांत बाळ शांत झालं नाही तर त्या दिवसापुरतं बघणं आटोपतं घ्या. बाळाला ओढत ‘एवढं एक दालन’ पुरं करण्यात कुणालाच सुख नाही, आणि दुसरं कुणी त्याच चित्रासाठी अर्धं जग ओलांडून आलेलं असतं हेही लक्षात असू द्या.

संगीत किंवा नाटकाचा कार्यक्रम बाळासह बघता येतो का?

नेहमीचा प्रयोग नको. बहुतेक मोठी नाट्यगृहं तान्ह्या बाळांना आत घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण बाळांसाठी मुद्दाम ठेवलेले कार्यक्रम असतात, ते शोधा. लंडनचं विगमोर हॉल हे नावाजलेलं सभागृह एक वर्षाखालच्या बाळांच्या पालकांसाठी सकाळच्या मैफली ठेवतं. वाजवणारे पट्टीचे कलाकार असतात, आणि बाळ रडलं, रांगलं तरी कुणी वळून बघत नाही. आवाज वाढवलेल्या कार्यक्रमाला जाणं भागच असेल तर बाळाच्या कानांवर त्याच्या मापाचे आवाज-रोधक लावा आणि ध्वनिवर्धकांपासून लांब बसा.

मनोरे आणि घुमट चढता येतील?

बाळाला घेऊन शक्यतो नाहीच. काही ठिकाणी तर नियमच आहे: पिसाच्या कलत्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना, बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या मनोऱ्यांवर ६ वर्षांखालच्यांना आणि अंकोर वाटच्या सगळ्यात वरच्या बाकान या भागात १२ वर्षांखालच्यांना चढू देत नाहीत. नियम नसला तरी पायऱ्या मोजा. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. अशा जिन्यांत मध्येच मागे फिरता येत नाही, आणि कॅरिअरमधल्या बाळामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. आळीपाळीने एकेकट्याने चढा.

प्रार्थनास्थळांत काय काळजी घ्यावी?

प्रार्थनेची वेळ आधी पाहून ती टाळा. तिथे लोक त्यांच्या श्रद्धेने आलेले असतात, आपण पाहुणे. चपला काढाव्या लागतील तिथे बाबागाडीही बाहेर राहील, म्हणून कॅरिअर हवा. धूप आणि उदाचा धूर कोंडला असेल तर बाळाला आत फार वेळ ठेवू नका. मोठ्या घंटा, नगारे किंवा ऑर्गन सुरू होणार असेल तर तेव्हा दाराजवळ राहा.

व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये बोलायलाही मनाई आहे आणि गर्दी दाट असते. बाळाला पाजून, शक्यतो झोपवून आत शिरा आणि कडेने उभे राहा. तिथलं छत बघायला मान वर करावी लागते. कॅरिअरमधल्या बाळाच्या मानेला तेव्हा हाताचा आधार द्या.

उघड्यावरचे अवशेष, ऊन आणि दगड यांचं काय?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच. जुन्या शहरांच्या अवशेषांत सावली नसते. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाचं क्रीम लावण्यापेक्षा उन्हातच न नेणं बरं. टोपी, सैल सुती कपडे आणि सकाळी लवकर जाणं, एवढंच खरं संरक्षण. गाडीवर दुपटं टाकून ‘सावली’ करू नका. आत हवा खेळत नाही, पाहता पाहता गाडी तापते, आणि बाळ दिसतही नाही. छत्री किंवा गाडीचं स्वतःचं छत वापरा.

अथेन्सचं ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं, जुलै २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे दुपारच्या वेळी बंद ठेवावं लागलं होतं. मोठ्यांना जे सोसलं नसतं ते बाळाला कुठून सोसणार? तिथला संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत होऊन निसरडा झाला आहे. बाळ अंगावर असताना चांगली पकड असलेले बूट घाला. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहराचे रस्ते मोठ्या, उंचसखल दगडांचे आहेत आणि गाडीची चाकं त्यांत अडकतात, पण २०१६ मध्ये तिथे तीन किलोमीटरहून लांब असा सोपा मार्ग तयार केला आहे. तो व्हीलचेअरसाठी आहे आणि बाबागाडीलाही चालतो. कुठल्याही पुरातन जागी व्हीलचेअरचा मार्ग विचारलात की बाळाचा मार्ग सापडतो.

उंचावरच्या ठिकाणी बाळाला त्रास होतो का?

होऊ शकतो. माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर आहे, पण तिथे जाताना लोक मुक्काम करतात ते कुस्को शहर ३,४०० मीटरवर. तिबेटमधल्या ल्हासाचा पोताला राजवाडा ३,६०० मीटरच्याही वर. बाळ ‘डोकं दुखतंय’ सांगत नाही. नेहमीपेक्षा जास्त किरकिर, दूध नाकारणं, उलटी, झोप बिघडणं हीच लक्षणं. ती दिसली तर वाट न बघता खाली उतरा. अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम ठरवण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा काही त्रास असेल तर नक्कीच.

गर्दीतून आजार लागेल का?

गोवराचं भय खरं आहे, तो हवेतून पसरतो. परदेश प्रवास असेल तर ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला लसीचा एक डोस लवकर द्यावा, अशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. बाळाचे हात पुसत राहा, आणि अनोळखी माणसं कौतुकाने पापी घ्यायला आली तर हसून मागे सरका.

बाळाने एखाद्या वस्तूला हात लावला तर?

कडेवरच्या बाळाचा हात आपल्याला वाटतो त्याहून लांब पोचतो. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूपासून हातभर लांब उभे राहा आणि बाळाचं तोंड आपल्याकडे ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या हेश्ट संग्रहालयात चार वर्षांच्या मुलाच्या हातून सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीचा रांजण पडून फुटला. संग्रहालयाने त्या कुटुंबाला रागावण्याऐवजी पुन्हा भेटीला बोलावलं आणि रांजण जोडून घेतला. सगळीकडे इतकं मोठं मन असेलच असं नाही.

बाळाबरोबर बघायला विशेष रंगतील अशा गोष्टी कोणत्या?

अथेन्समध्ये, प्राचीन अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या संग्रहालयात, मातीची एक उंच बैठक आहे. इ.स.पू. सहाव्या शतकातली. वर गोल वाडग्यासारखी जागा, पुढे पाय बाहेर काढायला भोक. बाळाला शी-शूला बसवायची ती खुर्ची! अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घाईघाईने बाळाला त्यात बसवलं असेल, हे बाळ कडेवर असताना बघण्यात जी मजा आहे ती एरवी नाही.

पॅरिसच्या ओर्सेमध्ये बर्त मोरिझोचं १८७२ चं पाळण्याचं चित्र आहे: झोपलेलं बाळ, वर पातळ पडदा, आणि गालाला हात लावून त्याच्याकडे बघत बसलेली आई. तिच्या चेहऱ्यावर नुसतं वात्सल्य नाही, थकवाही आहे. शिकागोच्या कलासंस्थेत मेरी कसाटचं १८९३ चं चित्र आहे: मांडीवरच्या मुलीचे पाय आई परातीएवढ्या भांड्यात धुते आहे. आईचा हात मुलीच्या पोटाभोवती किती घट्ट आहे ते जवळ जाऊन बघा.

भिंतींत कोंडल्यासारखं वाटत असेल तर उघडी संग्रहालयं निवडा. स्टॉकहोमचं स्कान्सेन १८९१ पासून आहे: जुनी घरं, झाडं, प्राणी, आणि रडायला भरपूर मोकळी जागा. ऑस्लोच्या विगेलँड उद्यानात २०० हून अधिक शिल्पं आहेत, आणि तिकीट नाही. त्यातला पाय आपटत रडणारा काशाचा छोटा मुलगा सगळ्यांचा लाडका. लोकांनी धरून धरून त्याचा हात सोन्यासारखा चकचकीत झाला आहे.

मार्गदर्शकाबरोबरची सहल घ्यावी का?

घोळक्याची नको. बाळ रडलं की तुम्ही मागे पडता आणि मन सगळं गटाकडे लागून राहतं. ऑडिओ गाइड घ्या आणि एकाच कानाला लावा. दुसरा कान बाळासाठी.

एकट्याने बाळाला घेऊन जायचं असेल तर?

जा. फक्त हात मोकळे ठेवा: कॅरिअर आणि पाठीला लहान बॅग. मोठ्या बॅगा क्लोकरूममध्ये जमा कराव्या लागतात, म्हणून बाळाचं लागणारं सामान आधीच छोट्या पिशवीत वेगळं काढा. दोन डायपर, ओल्या पुसण्यांचं लहान पाकीट, एक दुपटं, कपड्यांचा एक जोड बाळाचा आणि एक सदरा स्वतःचा, बंद होणाऱ्या दोन पिशव्या, दूध. खेळणं न्यायचं तर मऊ आणि आवाज न करणारं, दोरीने कॅरिअरला बांधलेलं. एखाद्या कठड्यावरून ते खालच्या मजल्यावर पडलं तर आणायला जायला दुसरं कुणी नसतं.